ओमजी

हेमांगीला मुलगी झाली तेव्हा
ऋजुतानं टोरांटोहून तीनच अक्षरं पाठवली,
रोमन, सगळी थोरली :
ओ, एम, जी.
मी वाचलं, ओमजी.

माझं काय चुकलं?
इंदूरला निम्मं गाव ‘जी’ लावून बोलतं,
आणि पोरं तो ‘जी’ एका अक्षरात उरकतात.
पापाजी, भाभीजी, शर्माजी,
सगळ्यांच्या शेवटी तेच वाटोळं अक्षर
बसलेल्या मांजरासारखं.
शिवाय आमच्या खालीच राहायचे ओमजी,
ओमप्रकाश व्यास,
सियागंजात कुकरची रबरं आणि शिट्ट्या विकणारे.
ऋजुता चार वर्षांची असताना
त्यांनी तिला जुन्या शिट्ट्यांची माळ करून दिली होती.
वाटलं, पोरीला आठवण आली.

खाली जाऊन सांगितलं.
ते पोह्यांवर जीरावन भुरभुरत होते.
हात थांबला.
“मुझे? कनाडा से?”

मग आठवण येतच राहिली.
शिरीषच्या गाडीला बायपासवर गाय आडवी आली : ओमजी.
सोनं लाखावर गेलं : ओमजी.
लग्नाच्या फोटोत दिलीपचं टक्कल चमकलं :
ओमजी ओमजी, आणि पुढे सात उद्गारचिन्हं.
दर वेळी मी जिना उतरलो.
एकदा म्हणाले, “भिया, आपका खानदान बड़ा प्रेमी है.
मेरे सगे तो दिवाली पे भी…”
वाक्य तिथंच ठेवलं
आणि शेवेची बरणी पुढे सरकवली.

अर्थ कळला बँकेत.
काउंटरवरची मुलगी पासबुक छापता छापता
हसू दाबून म्हणाली,
“काका, म्हणजे अरे देवा.”

अरे देवा.
चौतीस वर्षं त्याच काउंटरमागे
मी चेकचं, ड्राफ्टचं, मयत खातेदाराचंसुद्धा
लघुरूप लिहिलं,
देवाचं कधी केलं नव्हतं.
आईचं दूध उतू गेलं की ती पूर्ण म्हणायची,
‘देवा’तला ‘वा’ इतका लांबवायची
की तेवढ्यात निम्मं दूध शेगडीत.
ह्या पोरांचं दूध वाचत असेल.
पण त्यांनी ‘माझ्या’ला एक अख्खं अक्षर दिलंय,
देवाला दिलं तेवढंच.
आमच्या ‘अरे देवा’त तो सगळ्यांचा होता,
चौकातल्या नळासारखा.
‘माझा’ म्हणायचं आम्हाला सुचलं नाही.
किंवा लाज वाटली.

ओमजींना काही बोललो नाही.
उतरत राहिलो,
मात्र आता निवडून :
गायी आणि सोनं वर ठेवून
बाळं, आणि पास झालेली पोरं तेवढी खाली न्यायची.
खोटं होतं का ते?
पायऱ्या तर खऱ्याच होत्या, बावीस.

गेल्या चैत्रात मुलगा त्यांना रतलामला घेऊन गेला.
टेम्पोत पलंग, पंखा,
आणि एक पोतं,
हलवलं की आतून किणकिणणारं.
रात्री मी ग्रुपवर लिहिलं,
‘आज ओमजी गेले.’
आता मराठीत गेले म्हणजे गेलेच.
एकतीस जणांनी हात जोडले.
दिलीपनं ‘भावपूर्ण’ लिहिलं, पुढचं त्याच्या फोननं लिहिलं.
आणि ऋजुता,
तिची तीन अक्षरं.

बराच वेळ बघत बसलो.
ती त्यांचं नाव घेत होती
की त्याचं,
हे अक्षरांवरून कळत नव्हतं.
एकदा वाटलं खुलासा करावा.
घराखालची खोली अंधारात होती.
खुलासा सकाळवर टाकला.

सकाळी रतलामला फोन लावला.
राम राम नाही, तब्येत नाही,
पहिलाच प्रश्न,
“किसने याद किया?”
“सबने,” मी म्हटलं.
“इकतीस लोगों ने हाथ जोड़े.”

ते गप्प.
तिकडे मागे कुठेतरी कुकर नुसताच फुसफुसत होता,
शिट्टी काही होत नव्हती.
“रबर ढीला है,”
ओमजी म्हणाले.